बनूवहिनीच्या पडवीवरचं ऊन

बनूवहिनीशी भांडायला कारण लागत नाही, हे आमच्या भेंडवाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिच्या अंगणावरून गप्प गेलात तर "काय भावजी, मूग गिळलेत?" आणि बोलत गेलात तर "काय भावजी, सकाळी सकाळी भोंगा वाजवलात?" तिच्या आणि माझ्या घरांच्या मध्ये करवंदीची एक जाळी आहे. त्या जाळीवरून इतक्या वर्षांत जेवढं बोलणं आरपार गेलं, तेवढं बारवी धरणातून पाणीही सुटलं नसेल.

धरणाचं नाव निघालं म्हणून सांगतो. वहिनीचं माहेर त्या धरणाच्या पोटात आहे. बापाची नाचणीची जमीन, चिंचेखालचं घर, सगळं पाण्याखाली. उल्हासनगरच्या बाजारात एखादं गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की ती म्हणते, "शेठानी, तुमच्या नळाचं पानी माझ्या बापाच्या वावरावरून येतं. जरा मान ठेवा." गिऱ्हाईक बावचळतं आणि मुकाट्यानं माल उचलतं. मी एकदा म्हटलं, "वहिनी, बापाची जमीन अशी ओंजळ ओंजळ करून किती वर्षं विकणार?" तर म्हणाली, "तुमच्या अंबरनाथच्या कारखान्यातबी तेच पानी येतं. फुकट पिताय इतकी वर्षं, मी बोलले कधी?"

तिचा नवरा, आमचा कोंडाजीदादा, शिवराम शाळेत जायला लागला त्याच वर्षी तापानं गेला. बदलापुरात तेव्हा इमारती उठायला लागल्या होत्या. शिरगावच्या बाजूला तर काल भाताचं शेत, आज तिथं खांब, असं चाललेलं. वहिनी स्लॅबच्या कामावर जायला लागली. खालच्या मिक्सरपासून वरच्या मजल्यापर्यंत बाया-बाप्ये ओळीनं उभे राहायचे आणि भरलेलं घमेलं हातोहात वर जायचं. त्या ओळीत वहिनीच्या आजूबाजूला उभं राहायला कोणी तयार नसे. एक तर ही सतत बोलणार, आणि दुसरं म्हणजे शेजारच्यानं जरा हात सैल सोडला की त्याच्या सात पिढ्या निघणार.

पुढे खांदे दुखायला लागले तेव्हा तिनं टोपली धरली. आमच्या तळ्यातल्या कमळांचे चिखलातले कंद उपटायचे आणि उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात नेऊन विकायचे. सिंधी लोक त्याला भी म्हणतात आणि त्याच्यावर जीव टाकतात. पावसाच्या तोंडावर शेवळांची रानभाजी, उन्हाळ्यात करवंदं, बाकी वर्षभर भी. थावरदासशेठच्या इलेक्ट्रिकच्या दुकानाची पायरी ही तिची जागा. त्याच शेठच्या मागच्या वर्कशॉपात शिवराम पंखे, मिक्सर, टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. म्हणजे माय पुढच्या दारात आणि लेक मागच्या दारात. शेठ मधोमध बसून म्हणायचा, "साईं, दुकान मेरा है कि बनूबाई का, अपुन को अब याद नहीं."

आता मूळ गोष्टीकडे येतो.

साल एक्याण्णव. शिवरामचं लग्नाचं वय झालं होतं आणि मुलगी मीच सुचवली होती. आमच्या कारखान्यातल्या शंकररावांची कुंदा. मुलगी बारावी झालेली, शिवणकाम येणारी, आणि वर हसरी. शिवरामनं तिला एका लग्नात पाहिलं आणि त्यानंतर आठवडाभर तो पंख्यांना मिक्सरच्या वायरी जोडत होता असं थावरदासशेठनं मला खाजगीत सांगितलं. शंकररावांनाही मुलगा पसंत. पण त्यांची मोठी बहीण ठमाबाई, म्हणजे कुंदाची आत्या, तिनं एकच प्रश्न विचारला.

"घरात वीज हाय?"

नव्हती. तारा खालच्या गावापर्यंत येऊन थांबल्या होत्या. आमच्या वाडीला चिमण्या आणि कंदील. संध्याकाळी टेकडीवर चढलं की लांब शिरगावचे दिवे दिसायचे आणि आम्ही ते बघून खाली यायचो.

शंकरराव मला म्हणाले, "जनूभाऊ, राग धरू नका. पोरगी दिव्याखाली वाढली. तिला रॉकेलच्या धुरात ढकलली तर माझी ताई मला उभा जाळेल. तुमच्याकडं वीज आली की बोलू. तोवर दुसरी स्थळंही बघावी लागतील ना?"

हा निरोप मी करवंदीच्या जाळीवरून दिला. वहिनीनं तो ऐकला. ती आत गेली, चूल पेटवली, आणि बराच वेळ नुसती फुंकणी मारत बसली. त्या दिवशी मला करमलं नाही हो. शेजारी भांडायला नसलं की घर खायला उठतं.

दुसऱ्या आठवड्यात ती बाजारातून आली ती एक गोधडीत गुंडाळलेली वस्तू डोक्यावर घेऊन. मागून शिवराम, खांद्यावर ट्रकची जुनी बॅटरी. वाडी गोळा झाली. म्हातारी सुंदराबाई म्हणाली, "बनू, सुनंच्या आधी आरसा आनलास?" गोधडी सोडली तर आत काचेखाली निळ्या निळ्या गोल चकत्या, ओळीनं मांडलेल्या, त्यांच्यावर चांदीच्या रेघा. कसल्याशा बंद पडलेल्या टॉवरच्या लिलावात थावरदासशेठनं भंगार म्हणून उचललेला तो माल. एक कोपरा वाकलेला, बाकी धड. शेठ इतके दिवस त्याच्यावर चहाचे ग्लास ठेवत होता. शिवरामनं एकदा सहज ती काच उन्हात नेली, गाडीतला छोटा पंखा तिला जोडला आणि पंखा गरगरला. वहिनीनं पायरीवरून ते पाहिलं. तिथंच सौदा ठरला: शेठच्या घरी जन्मभर भी पोचवायची, आणि तीही कोवळी.

जाताना शेठनं बजावलं होतं, "बाई, एक बात याद रखना. इस पे छाया नहीं मांगता. ज़रा भी नहीं."

वहिनीनं ते इतकं मनावर घेतलं की पडवीवर झुकलेली फणसाची फांदी दुसऱ्या दिवशी जमिनीवर होती. फांदी माझ्या फणसाची. मी तक्रार केली तर म्हणाली, "तुमचा फनस माझ्या सुनंच्या आड येत होता."

पडवीच्या कौलांवर लोखंडी पट्ट्या ठोकून ती काच दक्षिणेकडे तोंड करून बसवली. वायर खाली आणून बॅटरीला, मध्ये काट्याचं एक मीटर, आणि घरात एसटीत असते तशी छोटी ट्यूब. बॅटरीला जोड मिळाल्याबरोबर मीटरचा काटा उजवीकडे सरकला आणि मी विचारलं, "शिवराम, ह्यात ऊन नेमकं कुठं साठतं रे?"

"जनूकाका, ऊन नाय साठत. वीज बॅटरीत साठते. ती काचेत तयार होते."

"कशी?"

"ही चकती वाळूपासून बनते. वाळू भट्टीत घालून, साफ करून करून, पापडासारखी पातळ चकती काढतात. मग तिच्या वरच्या अंगाला एक औषध चारतात, खालच्या अंगाला दुसरं. त्यानं एका थरात विजेचे कण जास्ती होतात, दुसऱ्यात त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. ऊन पडलं की आतला कण जागचा सुटतो. आता सुटला तर कुठंही भटकेल ना? पण दोन थरांच्या मध्ये जी शीव आहे ती त्याला एकाच बाजूला जाऊ देते. आपण पावसात बांधाच्या तोंडाला मासे धरायची बांबूची टोपली लावतो, तसं. मासा शिरला की मागं फिरता येत नाय."

"मग पुढं?"

"पुढं वाट एकच, वायर. वायरीतून बाहेर, बॅटरीत काम करून, दुसऱ्या बाजूनं परत चकतीत. पुन्हा ऊन ढकलणार, पुन्हा फेरी. कण संपत नाय काका. चकती झिजत नाय. आवाज नाय, धूर नाय."

वहिनी पदर खोचून ऐकत होती. म्हणाली, "कळलं मला. ऊन म्हंजे सासू. सकाळी उठून सगळ्यांना ढोसायचं, ऊठ, कामाला लाग! सवता जागची हलत नाय."

झालं. त्या दिवसापासून आम्ही तिला उन्हाची सासू म्हणायला लागलो. आणि तिनंही ते नाव असं मिरवलं की विचारू नका. ढग आले की अंगणात उभी राहून आभाळाला दटावायची. ट्यूब पहिल्यांदा लागली त्या संध्याकाळी सगळी वाडी तिच्या घरात. सुंदराबाईनं ट्यूबला नमस्कार केला आणि मग भिंतीकडे बघून म्हणाली, "बनू, तुझ्या भिंती येवढ्या काळ्या हायत व्हय गं?" दुसऱ्याच दिवशी वहिनीनं घर सारवलं, चुना लावला. उजेडाचा खर्च असा दुसरीकडूनच निघतो.

मी शंकररावांच्या कानावर घातलं. त्यांचा विश्वास बसेना. शेवटी ठमाबाईंनी हुकूम काढला: दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायच्या निमित्तानं जाऊ, घर बघू, दिवा बघू. दिवा लागला तर बोलणी. नाही लागला तर अंबरनाथचंच एक स्थळ तयार आहे, मुलगा दोन खोल्यांचा मालक.

ही दोन खोल्यांची गोष्ट मी शिवरामला सांगायला नको होती. त्याचं जेवण तुटलं.

आता दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या ह्या विदुषीनं काय करावं? नवमीचा जागर तिनं आपल्या घरी मागून घेतला. वाडीतल्या सगळ्या बाया ट्यूबखाली गाणी म्हणत बसल्या आणि शेवटी ट्यूब आधी पिवळी, मग लाल होऊन विझली. बॅटरी रिकामी. शिवराम कुरकुरला तर म्हणाली, "उद्या दिवसभर ऊन हाय की. भर तुझी बॅटरी."

ऊन होतं. ऑक्टोबरचं, पाठ भाजून काढणारं. शिवराम सकाळी उल्हासनगरला गेला, कारण दसऱ्याला दुकानातल्या हत्यारांची पूजा आणि शेठचे पेढे. मी माझ्या अंगणात कोयता, विळा, फावडं मांडून पूजा करत होतो. वर बघतो तर वहिनी शिडी लावून पडवीवर. हातात ताट.

"वहिनी, काय चाललंय?"

"दसरा हाय. हत्यारांची पूजा तुमच्याकडं, माझ्याकडं नाय? हेच माझं मोठं हत्यार."

आणि तिनं पूजा केली, आणि कशी! प्रत्येक निळ्या चकतीला हळद-कुंकवाचं ठसठशीत बोट, एकीला लावलं आणि दुसरीला नाही असं नको म्हणून. चारही कडांनी झेंडूची जाड माळ, तिचा एक पदर मधूनही आडवा. खालच्या कडेला हिरवा खण, त्यावर नारळ, तांदूळ, सुपारी. म्हणजे ओटीच भरली. मी ओरडलो, "ओटी भरलीत, आता बारसं कधी?" तिनं वरून झेंडूचं एक फूल माझ्या टकलावर मारलं. नेम चांगला आहे तिचा.

दुपारी शिवराम पेढे घेऊन आला. आधी मीटर बघितलं. काटा पडलेला, अगदी डाव्या कोपऱ्यात. त्याचा चेहरा असा झाला की पेढ्याचा खोका मीच त्याच्या हातातून घेतला. तो शिडी चढला, उतरला.

"आई, ती माळ काढ."

"काय बोलतोस? दसऱ्याची पूजा. उद्या सकाळपर्यंत हलवायची नाय."

"शेठ काय बोलले होते? सावली नको."

"सावली झाडाची असते रे. देवाची नसते." आणि वर, "येवढी काच मोकळी हाय. चार फुलांनी काय होतंय? फार तर चार फुलांयेवढी वीज कमी येईल. तू तुझ्या वायरी बघ."

खरं सांगतो, मलाही तेच पटलं. शंभरातल्या दहा चकत्या झाकल्या तर नव्वदांची वीज यायला हवी, असा माझा बाजाराचा हिशेब. शिवरामलाही आईपुढं बोलता येईना. त्यानं बॅटरीचं पाणी पाहिलं, जोड घासले, वायर बदलली. काटा काही हलेना. उन्हाचा तुकडा कौलांवरून सरकायला लागला. शिवराम पायरीवर बसला. वहिनी त्याच्याकडे बघायची, वर बघायची, देवाचं नाव घ्यायची, पण माळेला हात लावेना. मी आत मीटरसमोर पाट टाकून बसलो होतो, काट्याला वाटलंच हलावं तर निदान कोणीतरी बघायला असावं म्हणून.

आणि काटा हलला.

"वहिनी! हलला!"

बाहेरून आरडाओरडा ऐकू आला: "हुर्र! हुर्र! उतर, मेली अवदसा! देवाचं खातेस?" मी खिडकीतून डोकं काढलं. वहिनीची शेळी, चिमी, लाकडांच्या ढिगावरून पडवीवर चढली होती आणि आडवी माळ शांतपणे खात होती. वहिनी शिडीवर, हातात काठी.

काटा आणखी वर.

"वहिनी, मारू नका तिला!"

"माळ खातेय ती!"

"खाऊ द्या! खाऊ द्या तिला! शिवराम, आईला धर!"

चिमीनं माळ ओढली. माळेबरोबर खण ओढला गेला, नारळ गडगडत जाळीपलीकडे गेला आणि माझ्या तुळशीच्या कट्ट्यावर फुटला. इकडे काटा टणकन अर्ध्यावर.

वहिनी काठी उगारलेली तशीच थांबली. माझ्याकडे, काचेकडे, शेळीकडे पाहिलं. मग काठी खाली टाकली.

"अरे द्येवा," ती म्हणाली. "स्लॅब!"

मला वाटलं हिला ऊन लागलं. पण ती शिवरामला म्हणाली, "ह्या चकत्या कशा जोडल्यात? सगळ्या येकीला येक?"

"हो, ओळीनं. एकेकीचा जोर अर्ध्या व्होल्टचा. सगळ्यांचा मिळून बॅटरीपुरता होतो. म्हणून एकीची वीज दुसरीतून, दुसरीची तिसरीतून."

"मग घमेल्याची रांगच की रे ही! रांगेत येक बाई तंबाखू मळायला बसली तर तिच्यायेवढंच काम थांबतं व्हय? वरच्या मजल्यावर कायच पोचत नाय! मागचे सगळे भरलं घमेलं घेऊन हुभे. जल्म घालवला त्या रांगेत मी, आणि इथं मीच बाया बसवून ठेवल्या." आणि स्वतःच्या गालात मारून घेतली, हलकेच, सणाचा दिवस म्हणून.

आता हळद-कुंकू राहिलं होतं. दसऱ्याच्या दिवशी लावलेलं पुसायचं. तिनं पश्चिमेला वळून सूर्याला हात जोडले आणि म्हणाली, "तुझीच पूजा होती ती. तुझ्याच आड लावली. राग धरू नको." नव्या लुगड्याचा पदर ओला केला आणि एकेक चकती पुसून काढली. कुंकू, खण, उरलेली फुलं खाली आणून लोखंडी पट्टीच्या पायाशी मांडली. "पूजा मोडली नाय. जागा बदलली." हे ती मला उद्देशून म्हणाली, मी काही बोललो नसताना.

पण दिवस कलला होता. काच दक्षिणेला तोंड करून, सूर्य पश्चिमेला. काटा अर्ध्याच्या वर जाईना. शिवराम म्हणाला, "एवढ्यानं भागायचं नाय." त्यावर वहिनीनं हुकूम सोडला, "बोल्ट काढा." काच सोडवली. तिनं कासोटा मारला, कौलांवर बैठक घातली, काच मांडीवर उभी धरली आणि तोंड सूर्याकडे केलं. काटा चढला. सूर्य जरा सरकला की मी आतून ओरडायचो, "अंगावर घ्या!" ती काच तसूभर वळवायची. "आणखी! आणखी! बस, बस!" घामानं निथळत होती बाई. तिनं त्या सूर्याला पश्चिमेच्या डोंगरातल्या खिंडीच्या तोंडापर्यंत सोडलं नाही, पाठलाग केला त्याचा.

आणि ती ह्याच अवतारात असताना पाहुणे आले.

शंकरराव पांढऱ्या सदऱ्यात, हातात आपट्याची पानं. त्यांच्यामागे ठमाबाई, जरीकाठी लुगडं, ओठ आवळलेले. त्यांनी वर पाहिलं.

"जनूभाऊ, ही कौलं शाकारणारी बाई कोण?"

"ही मुलाची आई."

शेजारी एखादा खड्डा असता तर शिवराम त्यात उतरला असता. वहिनी वरून म्हणाली, "या, या! बसा. मला उतरता येत नाय, ऊन हाय अजून."

ठमाबाई बसल्या नाहीत. शंकरराव बॅटरीभोवती फिरले. कारखान्यातला माणूस, सहजासहजी फसणारा नव्हे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "जनूभाऊ, खरं सांगा. बॅटरी बदलापुराहून चार्ज करून आणली ना? दसऱ्यापुरती?"

मी काही बोलायच्या आत वरून आवाज आला. तिचे कान घारीचे डोळे आहेत. "भावजी, त्यांना मीटर दाखवा नि तुम्ही तिथंच बसा. शिवराम, शिडी धर. पाव्हण्यांचा हात वर पोचतोय काय बघ."

शंकरराव मीटर पाहून शिडीच्या चार पायऱ्या चढले. वहिनी म्हणाली, "ह्यातल्या कुठल्याबी चकतीवर हात ठेवा. तुम्हाला आवडेल तिच्यावर."

त्यांनी एका चकतीवर पंजा ठेवला. मी आतून ओरडलो, "पडला!"

"काढा हात."

"चढला!"

शंकररावांनी पुन्हा ठेवला. "पडला!" काढला. "चढला!" मग दुसऱ्या कोपऱ्यातली चकती. मग कडेची. मग खात्री करायची म्हणून माझ्या जागी मीटरशी शिवरामला बसवलं, मग ठमाबाईंना. मोठा माणूस, पन्नाशीचा, शिडीवर उभा राहून पोरासारखा हात ठेवतोय आणि काढतोय, आणि ठमाबाई आतून "पडला, पडला! चढला रे!" ओरडताहेत. त्यांचा पदर खांद्यावरून कधी घसरला ते त्यांनाही कळलं नाही.

"येका हातानं सगळी काच बंद होते?" शंकररावांनी विचारलं.

"रांग हाय ती," वहिनी म्हणाली. "बॅटरीत आधीचं काय असतं तर हा काटा तुमच्या हातावर नाचला असता? ही वीज आत्ता येतेय. तुमच्यासमोर. ह्या उन्हाची."

सूर्य खिंडीआड गेला. काटा हळूहळू खाली आला तेव्हा कुठं वहिनी उतरली, पाय मुंग्यांनी भरलेले, शिवरामच्या खांद्याचा आधार घेत. ठमाबाईंनी तिच्या पदरावरचे कुंकवाचे लालभडक डाग पाहिले, पण विचारलं ते वेगळंच.

"पावसाळ्यात?"

इथं थोडी फेकाफेक चालली असती. मी असतो तर फेकली असती.

"पावसाळ्यात कमी," वहिनी म्हणाली. "झड लागली की दोन-दोन दिवस नाय लागायचा. तेव्हा कंदील. बाकीच्या दिवसात जेवणं, आवराआवर आणि शिवणाचं काम होईल येवढा उजेड. पंखा नाय, टीव्ही नाय. हाय ते दाखवलं. खोटं सांगून सून आणली तर ती मलाच चिमणीवर धरेल."

ठमाबाईंनी शंकररावांकडे पाहिलं. शंकरराव ट्यूबकडे बघत होते.

अंधार दाटला. सगळी वाडी दारात, अंगणात, माझ्या तुळशीच्या कट्ट्यावर. शिवरामनं बटणाला हात लावला आणि पुन्हा मागं घेतला. वहिनीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "लाव रे!"

ट्यूब एकदा लुकलुकली. दुसऱ्यांदा लुकलुकली. आणि लागली. पांढरीशुभ्र, चुना लावलेल्या भिंतींवर अशी पसरली की सुंदराबाईनं डोळ्यांवर हात धरला. पोरांनी बाहेर कल्ला केला. शंकररावांनी खिशातून चष्मा काढला, भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचली, खालचं बारीक अक्षरही वाचलं, आणि चष्मा पुन्हा खिशात ठेवला.

पाहुण्यांनी सोनं वाटलं, पेढे खाल्ले, चहा घेतला. ट्यूब हलली नाही. वहिनी मात्र दर घोटाला तिरक्या नजरेनं वर बघत होती. मग ठमाबाई उठल्या. आपट्याची दोन पानं त्यांनी राखून ठेवली होती. ती वहिनीच्या हातात दिली, दोन्ही हात धरून ठेवले, आणि म्हणाल्या, "आता मालवा तो दिवा, विहीणबाई. उद्यासाठी राहू द्या थोडी."

विहीणबाई! शिवराम दारातून सरळ बाहेर पळाला, बहुतेक हसू लपवायला. बाहेर पोरांनी त्याला धरून उचललंच. आणि आमच्या उन्हाच्या सासूनं, जिनं जन्मात कोणाचं ऐकलं नाही, पदर डोक्यावर घेतला, डोळे पुसले, आणि दार-खिडक्या सताड उघडत सुटली.

"मालवत नाय!" ती म्हणाली. "आज नाय मालवत. शिरगावपर्यंत दिसू दे."